गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा: जुन्या एमएक्स-५चा क्लच बदलताना

माझ्या गाडीचा क्लच पाच वर्षांत दोनदा बदलला. पहिल्यांदा पैसे देऊन बदलून घेतला, दुसऱ्यांदा मी स्वतः बदलला. पहिल्या वेळी एका गॅरेजने क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी घातली, इंजिनचं मागचं ऑइल सील मात्र तसंच ठेवलं. दोन वर्षांत त्या सीलमधून इंजिनचं तेल झिरपलं आणि कोरी प्लेट तेलानं माखली. सील होतं काही पौंडांचं. त्याच्यापायी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी आहे १९९०ची युनोस रोडस्टर, म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिनची. ही गाडी जगापुढे आली फेब्रुवारी १९८९मध्ये, शिकागोच्या मोटार शोमध्ये. हिरोशिमात बनायची आणि जपानात युनोस या नावानं विकली जायची. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे अशा बऱ्याच वापरलेल्या गाड्या पुढे इंग्लंडात आल्या. माझी त्यातलीच एक. मी राहते कॉव्हेंट्रीत, पण पाना धरायला शिकले कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या अप्पांच्या गॅरेजात. तिथे फियाट आणि ॲम्बॅसेडर यायच्या, स्पोर्ट्स कार कधी आली नाही. पण क्लच म्हणजे शेवटी इंजिनबरोबर फिरणारी जड चकती म्हणजे फ्लायव्हील, त्याच्यावर दाबून धरलेली एक घासपट्टीची तबकडी (क्लच प्लेट) आणि ती दाबणारी स्प्रिंग (प्रेशर प्लेट). फियाटमध्ये होतं तेच इथे आहे.

आधी खात्री करा की क्लचच गेलाय

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एक संध्याकाळ निदानाला द्या. या गाडीत दोन दुखणी एकमेकांसारखी वाटतात आणि त्यांचे उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

क्लच सरकत असेल तर गिअर नीट पडतात, पण ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. माझ्या बाबतीत ते मोटरवेवर कळलं. पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनचा काटा ३,०००वरून ४,०००कडे गेला आणि वेगाचा काटा होता तिथेच राहिला. खात्री करायची असेल तर रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर गाडी घ्या आणि एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली, तर प्लेट गेली किंवा तिला तेल लागलं. ही चाचणी एक-दोनदाच करा, दर वेळी फ्लायव्हील तापतं.

उलट, गिअर पडताना खरखर होते, रिव्हर्स टाकताना करकचून आवाज येतो, पेडल पार जमिनीला टेकल्यावरच क्लच सुटतो, अशी लक्षणं असतील तर क्लच बहुतेक ठणठणीत आहे आणि स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलाचा दाब द्रवातून घेऊन क्लच सोडवणारा भाग, गेलाय. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या, बाजूला दोन बोल्टांवर बसलेला तो छोटासा सिलिंडर या गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे. त्याचं रबरी टोपण जरा मागे सरकवा. आतून द्रव ओघळला तर निदान झालं. मग गिअरबॉक्सला हात लावू नका. स्लेव्ह बदला, हवा काढा, तासा-दोन तासांत गाडी रस्त्यावर येते. क्लचच्या द्रवाची डबी ब्रेकपासून वेगळी असते, तिच्यातली पातळी उतरत असेल तर तीही हेच सांगते.

मी अप्पांना व्हिडिओ कॉल केला तेव्हा मोटरवेची हकीगत सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं: "पोरी, तेल कुठनं येतंय ते बघितलंस का?" मी गाडीखाली गेले. बेल हाउसिंगच्या तळाला ओल होती. बोटावर घेऊन वास घेतला. गिअर ऑइलचा वास गंधकासारखा उग्र असतो, एकदा घेतला की विसरत नाही. हे तसं नव्हतं. काळं, पातळ, जळकट वासाचं इंजिनचं तेल होतं ते. म्हणजे क्रँकशाफ्टचं, इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याचं, मागचं सील. तिथेच मला दोन वर्षांपूर्वीच्या त्या बिलाची आठवण झाली.

काय काय आणून ठेवायचं

किटमध्ये साधारणपणे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) आणि प्लेट मधोमध बसवायची प्लास्टिकची दांडी येते. १.६ला २०० मिलिमीटरची प्लेट लागते, १.८ला २१५. मागवताना हे नक्की करून घ्या. अनेक गाड्यांची इंजिनं आजवर बदललेली असतात, तेव्हा कागदपत्रांवर विसंबू नका, इंजिन बघा. मी एक्सेडी कंपनीची किट घेतली, साधारण १३० पौंड पडले.

किटशिवाय आणखी हवं ते असं: क्रँकशाफ्टचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं आणि शेपटाकडचं (मागच्या टोकाचं) सील, नवा स्लेव्ह सिलिंडर, गिअर लीव्हरचे दोन्ही रबरी बूट, लीव्हरच्या टोकाची नायलॉनची वाटी, दोन लिटर ७५ डब्ल्यू-९० गिअर ऑइल आणि क्लचसाठी डॉट ४ द्रवाची बाटली. ऑइल मी जीएल-४ दर्जाचं घेते, गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवतं. यातली सीलं गिअरबॉक्स वर चढवल्यावर बदलायची म्हटली तर निम्मं काम पुन्हा करावं लागतं. "अजून चालेल" असं वाटणारी प्रत्येक वस्तू बदला.

हत्यारांत महत्त्वाचं काय, तर लांब एक्स्टेन्शन. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट पुढून दिसतही नाहीत. गिअरबॉक्सच्या शेपटाकडून, गाडीच्या तळातल्या बोगद्यातून, जवळजवळ ६० सेंटिमीटर लांबीच्या जोडावर गोटी (सॉकेट) लावून ते सोडवायचे असतात. मध्ये एक लवचीक जोड हवाच. टॉर्क रेंच दोन हवेत, एक लहान आणि एक मोठा. आणि गिअरबॉक्ससाठी पाळण्यासारखा जॅक भाड्यानं मिळाला तर जरूर घ्या. हा गिअरबॉक्स ३५ किलोच्या आसपास भरतो. छातीवर घेऊन झोपता येईल असं लोक सांगतात. मी तसं केलेलं नाही आणि कुणी करावं असं मला वाटत नाही.

गंजाचंही आधीच बघा. इंग्लंडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि एक्झॉस्टचे नट त्यामुळे अक्षरशः वितळून गेल्यासारखे होतात. दोन रात्री आधीपासून त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारत राहा. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांवर काम केलेल्यांना हे सांगायला नको.

गाडी वर घेणं

चारही बाजूंनी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर. गिअरबॉक्स जॅकसकट बाहेर सरकायला एवढी उंची लागते. काम करताना गाडी एकदाही नुसत्या जॅकवर नको. घोड्या लावल्यावर गाडीला खांद्यानं जोरात ढकलून बघा. हलायचीच असली तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. माझा सतरा वर्षांचा मुलगा मदतीला होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं की पहिला तास फक्त घोड्या, लाकडी ठोकळे आणि हातमोजे, पाना नंतर. तो जरा वैतागला, पण दुसऱ्या दिवशी गाडीखाली जाण्याआधी आपणहून गाडी हलवून बघत होता.

बॅटरी या गाडीत मागे डिकीत असते. तिची ऋण तार काढा. स्टार्टरला थेट बॅटरीची तार येते, ही पायरी विसरू नका.

आतून सुरुवात

गिअरचा गोळा फिरवून काढा, मधला कन्सोल काढा, वरचा बूट आणि त्याखालची पत्र्याची चौकट सोडवा. त्याच्या खाली लीव्हरची टोपी तीन बोल्टांवर असते. ती सुटली की लीव्हर सरळ वर निघतो. खालचा बूट बहुतेक गाड्यांत फाटलेला सापडतो. कन्सोल गरम लागतो, आत आवाज येतो अशी तक्रार असते तिचं मूळ हेच. लीव्हर ज्या वाटीत बसतो तिथे स्वतःचं वेगळं तेल असतं, साधारण ९० मिलिलिटर. ते बहुतेक वेळा काळं चिखलासारखं निघतं. पुसून घ्या, परत बसवताना नवं ओता. एवढ्यानंच गिअर टाकायला इतका फरक पडतो की क्लच न बदलताही हे काम करावं. उघडं भोक लगेच स्वच्छ कापडानं बंद करा. एखादा बोल्ट आत पडला तर तो गिअरबॉक्सच्या पोटात जातो.

खालचं काम

गिअर ऑइल काढण्याआधी तेल भरायचा वरचा प्लग सुटतो का ते बघा. तो सुटत नसेल आणि खालचा काढून तुम्ही तेल सोडून दिलं असेल, तर भरणार कुठून? अप्पांच्या गॅरेजात नव्या पोराला शिकवलेली ही पहिली गोष्ट असायची.

एक्झॉस्टचा मधला भाग काढा. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या) मागच्या फ्लँजवर आणि डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजवर रंगानं एक रेघ मारा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. चार नट सोडले की शाफ्ट मागे ढकलून बाहेर येतो. गिअरबॉक्सच्या शेपटाला प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधा. तेल काढलेलं असलं तरी उरलंसुरलं ठिबकतच.

स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स दिव्याच्या स्विचची आणि न्यूट्रल स्विचची तार, अर्थिंगची तार, सगळं सुटं करा. आम्ही एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं तोंड काढलं आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे पुठ्ठ्यात खुपसून ठेवला. बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात घातला तर ॲल्युमिनियम फुटू शकतं.

स्लेव्ह सिलिंडर बदलायचा नसेल तर पाइप न सोडता दोन बोल्ट काढून तो बाजूला बांधून ठेवा. बांधल्यावर चुकूनही क्लच पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर उडेल. आम्ही पेडलाला लाल फडकं बांधून ठेवलं होतं.

आता या गाडीचं वैशिष्ट्य. गिअरबॉक्सच्या शेपटापासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जाते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांची मिळून एक सलग काठी व्हावी, ॲक्सिलरेटर दाबला की मधे काही डुगडुगू नये, म्हणून ती आहे. गाडी इतकी लगेच उत्तर देते त्यात या चौकटीचा मोठा वाटा आहे. पण क्लच बदलणाऱ्याला याच चौकटीपाशी सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिच्या अंगावरून तारांची जुडी गेलेली असते, प्लास्टिकच्या चिमट्यांनी अडकवलेली. तीस वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. आमचे चार तुटले, त्या जागी आम्ही बांधपट्ट्या लावल्या. तारा पूर्ण मोकळ्या केल्याशिवाय चौकट ओढू नका.

चौकट काढण्याआधी दोन आधार द्या, एक जॅक गिअरबॉक्सखाली आणि एक डिफरन्शियलच्या नाकाखाली. आणि गिअरबॉक्सच्या शेपटाची उंची मोजून लिहून ठेवा. आम्ही बोगद्याच्या पत्र्यापासून शेपटापर्यंतचं अंतर मोजलं, फोटोही काढला. परत बसवताना ही उंची चुकली तर एका ठरावीक वेगाला गाडीभर घुमल्यासारखा आवाज येतो आणि लोक महिनोन्महिने बेअरिंगं बदलत बसतात. डिफरन्शियलकडच्या बोल्टांत एक स्लीव्ह असते, ती गंजून जाम बसलेली सापडते. तेल मारून, टॉमीनं, म्हणजे पहारीनं, हळूहळू खाली उतरवा. घाई केली तर ॲल्युमिनियमला तडा जाईल.

चौकट निघाली की इंजिन मागे कलतं. १.६मध्ये सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला कॅमचा सेन्सर असतो, तो मागच्या भिंतीवर आपटू शकतो. तिथे फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा अडकवा. शेपूट खाली येतं तसे वरचे बोल्ट हाताशी येतात, म्हणून इंजिन थोडं कलायला हवंच, फक्त आपल्या ताब्यात राहून.

स्टार्टर काढा, मग बेल हाउसिंगचे उरलेले बोल्ट. खालचे दोन शेवटपर्यंत सैल ठेवा, काढू नका. जॅकवर पट्ट्यानं गिअरबॉक्स बांधून झाल्यावरच ते काढा. आता गिअरबॉक्स सरळ मागे यायला हवा. अडला तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवा, वर-खाली उचकटू नका. गिअरबॉक्सच्या पुढे आलेला इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या मधून बाहेर पडेपर्यंत त्याचं वजन प्लेटवर लोंबकळता कामा नये.

आत काय सापडतं

बेल हाउसिंग उघडल्यावर आत जी काळी धूळ असते तिला फुंकर मारू नका, हवेचा पाइप तर मुळीच नको. जुन्या क्लचच्या घासपट्टीत ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९मध्ये आली. आपल्या गाडीत आधी कुठली प्लेट होती हे कुणाला ठाऊक? तेव्हा असल्यासारखंच वागा. मास्क लावा, पाणी फवारून धूळ ओली करा, कापडानं पुसा आणि कापड पिशवीत बांधून टाका. अप्पा आणि त्यांच्या वेळचे सगळे मिस्त्री फुंकर मारूनच बेल हाउसिंग साफ करायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभी असायची. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट एकदम काढू नका. समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा फेरा, असं फिरत फिरत सैल करा, नाहीतर स्प्रिंगच्या ताणानं पत्रा वाकडा होतो. प्लेट हातात आली की रिव्हेटच्या डोक्यापर्यंत किती घासपट्टी उरली ते बघा. ०.३ मिलिमीटरच्या खाली गेली तर ती संपली. माझ्या प्लेटची घासपट्टी भरपूर शिल्लक होती, पण ती काळी, चकचकीत आणि तेलकट होती. पेट्रोलनं धुऊन वापरता येईल असा सल्ला मिळाला, तर तो ऐकू नका. तेल घासपट्टीच्या आत मुरलेलं असतं.

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग, केसासारख्या चिरा किंवा खोल चरे असतील तर तासून घ्यावं लागेल. नुसती चमक असेल तर पॉलिश पेपरनं गोल गोल घासून काढा.

आणि आता मूळ मुद्दा. फ्लायव्हील उतरवल्याशिवाय मागचं सील दिसत नाही. त्या गॅरेजने तेवढंच टाळलं होतं. फ्लायव्हील फिरू नये म्हणून दातांत अडकेल अशी लोखंडी पट्टी बेल हाउसिंगच्या एका भोकाला बोल्टनं बांधा आणि सहा बोल्ट सोडा. शेवटचा बोल्ट काढताना खाली हात ठेवा, ते जड आहे.

सीलच्या जागी ओलसर कड दिसली. जुनं सील काढताना क्रँकच्या चकचकीत पृष्ठभागाला ओरखडा जाता कामा नये. ओरखडा गेला तर नवं सीलही गळणार. सीलच्या लोखंडी कडेत बारीक स्क्रू बसवून पकडीनं ओढलं तर ते सुरक्षित निघतं. नव्या सीलच्या ओठाला इंजिनचं तेल लावा, चारी बाजूंनी सारखं, हलक्या हातानं ठोकत कडेबरोबर बसवा. तिरकं बसलं तर काढून नवं घ्या, तेच पुन्हा वापरू नका. सील बसवलं तेव्हा मी मुलाला बोलावून टॉर्चच्या उजेडात पूर्ण कड दाखवली. इतक्या मोठ्या कामातला हा सगळ्यात छोटा तुकडा, पण तोच नीट बसायला हवा होता.

पायलट बेअरिंग या गाडीत फ्लायव्हीलच्या मधोमध बसतं. फ्लायव्हील बाहेर आलेलंच असतं, तेव्हा योग्य मापाच्या गोटीनं ते सहज ठोकून निघतं. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, ते किंचित आकसतं आणि बसायला सोपं जातं. ठोकताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोका. आतल्या कड्यावर ठोकलं तर बेअरिंग बसताबसताच मेलं म्हणून समजा.

परत जोडणं

फ्लायव्हीलच्या बोल्टांचे आटे साफ करून त्यांना सीलंट लावा, नाहीतर तिथून तेल झिरपू शकतं. आडवे-उभे आळीपाळीनं ९६ ते १०३ न्यूटन मीटर. मग फ्लायव्हील आणि नव्या प्रेशर प्लेटचं तोंड ब्रेक क्लीनरनं पुसा. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो काढायलाच हवा. यापुढे बोटं लावू नका.

क्लच प्लेटची एक बाजू फ्लायव्हीलकडची असते, बहुतेक वेळा तसं छापलेलं असतं. स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही आणि सगळं परत उघडावं लागेल. प्लास्टिकची दांडी पायलट बेअरिंगपर्यंत खोल घालून प्लेट मध्यावर धरा, प्रेशर प्लेट खुंट्यांवर बसवा आणि बोल्ट फिरत फिरत थोडे थोडे आवळा. शेवटी १८ ते २६ न्यूटन मीटर, लहान टॉर्क रेंचनं. ती दांडी नंतर सहज आत-बाहेर झाली तर प्लेट मध्यावर आहे.

गिअरबॉक्सच्या बाजूला जुनं रिलीज बेअरिंग काढा आणि हातानं फिरवून ऐका. आमचं खरखरत होतं, म्हणजे मागच्या वेळी तेही बदललं नव्हतं. बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या टेकूला आणि बेअरिंगच्या आतल्या खाचेला थोडंसं ग्रीस लावा, इनपुट शाफ्टच्या खाचांना इतकं कमी की फक्त ओलसर चमक दिसावी. जास्त लावलेलं ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जातं. पुढचं सील बदलायला झाकण काढाल तेव्हा आत पातळ शिम (पत्र्याची चकती) असते, ती झाकणाला चिकटून येते आणि हरवते. तिला तिच्या जागी परत ठेवा.

गिअरबॉक्स चढवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात घामाचं काम. एक जण जॅकवर, एक जण खाली. गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवा, म्हणजे शेपटाकडून फिरवून खाचा जुळवता येतील. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. शेवटची दोन सेंटिमीटर राहिली आणि आम्ही दोघंही दमलो. मुलगा म्हणाला, "आई, बोल्ट लावून ओढून घेऊया ना." फोन घोडीला टेकवून ठेवला होता, त्यावरून अप्पा ओरडले, "बोल्टनं वढायचं न्हाई! खाली घ्या, परत बघा." आम्ही गिअरबॉक्स थोडा मागे घेतला, शेपूट बोटभर वर केलं, शाफ्ट किंचित फिरवला आणि तो खट्‌ करून पूर्ण बसला. बोल्टनं ओढला असता तर प्लेटचा मधला भाग वाकला असता किंवा बेल हाउसिंगचा कान तुटला असता.

पुढचं सगळं उलट क्रमानं. वेळ द्यायचा तो फक्त चौकटीला. तिचे बोल्ट हातानं लावा, जॅकनं शेपटाची उंची लिहून ठेवलेल्या आकड्यावर आणा आणि मगच १०४ ते १२३ न्यूटन मीटरपर्यंत आवळा. प्रोपेलर शाफ्टची रेघ जुळवा, नट २७ ते ३० न्यूटन मीटर. गिअर ऑइल भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरा, आणि ते भरताना गाडी सपाट असू द्या.

स्लेव्ह सिलिंडर नवा लावलात तर हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचं, मग पेडल वर. डबीतली पातळी संपू देऊ नका. द्रव रंगाला लागला तर रंग उचलतो, शेजारी पाण्याचा मग ठेवा. पेडलाला वर अगदी थोडी, मिलिमीटरभराच्या हिशोबातली मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि लवकर मरतं.

पहिले दिवस

गाडी घोड्यांवर असतानाच सुरू करा, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग खाली उतरवून गल्लीत एक फेरी. नवी घासपट्टी आणि फ्लायव्हील एकमेकांत बसायला ८०० किलोमीटरच्या आसपास लागतात, शक्यतो शहरात, थांबत-चालत. त्या काळात पूर्ण ताकदीनं गाडी पळवू नका. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, हँडब्रेक वापरा. अप्पांनी मला गगनबावड्याच्या घाटात गाडी शिकवली तेव्हा मागे एसटी लागलेली असताना हँडब्रेकवरून गाडी उचलायला लावलं होतं, आणि क्लच मी हाफवर ठेवला की हँडब्रेक ओढून गाडी बंद करून टाकायचे.

८०० किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा घोड्यांवर घ्या. चौकटीचे आणि शाफ्टचे बोल्ट तपासा, स्लेव्हचं टोपण मागे सरकवून बघा, आणि बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकात स्वच्छ कापड गुंडाळलेलं बोट फिरवा. मी ते गेल्या रविवारी केलं. कापड कोरडं निघालं, त्याचा फोटो अप्पांना पाठवला.